अर्धी शिजलेली माती

“मग कुणाला मारायचं आणि कुणाला ठेवायचं, ते तरी सांगा.”

हेमांगीचा हा तिसरा प्रश्न होता. आधीच्या दोन प्रश्नांना बयाजीआबांनी उत्तर दिलं नव्हतं. ते शेडच्या दारात उकिडवे बसून ढेकळं फोडत होते. एक ढेकूळ उचलायचं, दोन्ही तळव्यांत दाबायचं, पाटीत सोडायचं.

“कुणाला म्हनता?”

“मातीतल्या जिवाणूंना. बॅक्टेरियांना.”

“तुमी तर सगळ्यास्नी मारलंत न्हवं?”

“हो.”

“मग आता इचारता कशापायी…”

त्यांनी पुढचं ढेकूळ उचललं.

हेमांगी ओठ घट्ट मिटून उभी राहिली. असं बोलणं ऐकून घ्यायची तिला सवय नव्हती. डॉ. हेमांगी टिपणीस हे नाव पुण्यात बऱ्याच डॉक्टरांना ठाऊक होतं. एका मोठ्या रुग्णालयात जंतुसंसर्गाची प्रयोगशाळा तिनं अठरा वर्षं चालवली होती. कोणत्या रुग्णाच्या जखमेत कोणता जंतू आहे, त्याच्यावर कोणतं औषध चालेल, हे तिच्या सहीनं ठरायचं. दोन वर्षांपूर्वी तिनं ती नोकरी सोडली. का सोडली, हे कुणी तिला विचारत नसे, कारण ते सगळ्यांना माहीत होतं.

नंतर तिनं घराच्या मागच्या खोलीत अळिंबी, म्हणजे मशरूम, लावायला घेतली.

अळिंबीच का, हे तिलाही नीट सांगता आलं नसतं. पांढरी असते, अंधारात येते, कुणाशी बोलावं लागत नाही. नवरा बदली मागून नागपूरला निघून गेला होता. घरात तिसरं माणूस नव्हतंच.

बी तिनं स्वतः तयार केलं. कंपोस्टमध्ये ते सुरेख भिनलं. त्यावर मातीचा थर द्यायचा असतो, त्याला केसिंग म्हणतात. ती माती तिनं ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे रुग्णालयात हत्यारं निर्जंतुक करतात तसल्या वाफेच्या भांड्यात, दोनदा शिजवली. तीत एकही जिवंत पेशी उरली नव्हती, हे तिनं जंतू वाढवायच्या काचेच्या प्लेटवर तपासून घेतलं.

अळिंबीच्या बुरशीचे पांढरे धागे मातीतून वर आले. पसरले. दाट झाले.

आणि तिथंच थांबले. अळिंबीचं एक टोकसुद्धा उगवलं नाही.

तीनदा लावलं, तिन्ही वेळा हेच झालं. कृषी महाविद्यालयातले एक ओळखीचे प्राध्यापक म्हणाले, “पाचगणीच्या मागं करंजवाडी आहे. तिथं बयाजी गोळ्यांना भेटा. एकतीस वर्षं सरकारी अळिंबी केंद्रात माती कालवायला होते. साहेब येत गेले, जात गेले, माती त्यांचीच. पण एक सांगतो, ते शिकवत नाहीत. काम देतात. टिकलं तर माणूस शिकतो.”

म्हणून ती इथं आली होती. डिसेंबरची दुपार होती, ऊन होतं, तरी वारा अंगाला झोंबत होता. समोर जांभ्या दगडाची, गवताच्या छपराची बुटकी शेड होती. आणि हा अठ्ठ्याहत्तर वर्षांचा म्हातारा ढेकळं फोडत होता.

“आबा, मी सगळं वाचलंय,” ती म्हणाली. “बुरशीचे धागे एक वायू सोडतात. तो साठला की त्यांना पुढं अळिंबी धरता येत नाही. मातीतले काही जिवाणू तो वायू खाऊन टाकतात. ते खातात, म्हणून अळिंबी येते. मला हे माहीत आहे.”

आबांनी मान वर केली. पहिल्यांदाच तिच्याकडे नीट पाहिलं.

“ठावं हाय, तरी मारलंत?”

“हो.”

“मग आलात कशाला?”

“मला जिवाणूंशिवाय अळिंबी हवी आहे.”

“का?”

“मला हवी आहे म्हणून.”

मग त्यांनी पाटी तिच्याकडे सरकवली.

“बसा. एवढी ढेकळं फोडून घ्या.”

* * *

ती राहिली. शेडमागच्या खोलीत तिनं खाट टाकली. आबांची सून दोन वेळा भाकरी-कालवण आणून देई आणि काही न विचारता जाई.

तिसऱ्या दिवशी माती वाफवायची होती. दोन वर्षं कुजलेलं शेणखत आणि तांबडी माती, आबांनी दोन्ही ड्रममध्ये भरलं. खालून वाफ सोडली. हेमांगी थर्मामीटर लावून बसली. आबा मधूनमधून ड्रमच्या पत्र्याला हाताची पाठ लावून बघत.

दुपार कलली तेव्हा त्यांनी जाळ ओढला.

“बास.”

“पासष्टच आहे, आबा. सहा तासांत एक अंशही वर गेलं नाही.”

“बास म्हनलं न्हवं.”

“एवढ्यानं माश्या मरतील, अळ्या मरतील. हिरवी बुरशी मरेल. जिवाणू नाही मरणार सगळे.”

“न्हाई मरत.”

“मग जे उरले त्यांचं काय?”

“ऱ्हायले तर ऱ्हायले,” आबा म्हणाले. “त्यास्नीबी खायाला लागतं.”

तिनं वहीत आकडे लिहिले. मग आपल्या गाडीतून ऑटोक्लेव्ह उतरवला, त्याच मातीतली अर्धी त्यात भरली आणि दोन तास शिजवली. दुसऱ्या दिवशी पुन्हा दोन तास. आबांनी त्यातली चिमूटभर माती घेतली. बोटांत चोळली. वास घेतला आणि बोटं धोतराला पुसली.

काही बोलले नाहीत. ते तिला जास्त लागलं.

दोघांनी एकेक ट्रे लावला. आबांचा शेडमध्ये, इतर ट्रेच्या रांगेत. तिचा खोलीत, प्लास्टिकच्या तंबूत. आत येणारी हवासुद्धा ती गाळून घेत होती.

तेराव्या दिवशी आबांच्या मातीवर टाचणीच्या डोक्याएवढे पांढरे ठिपके आले. दोन दिवसांत त्यांची बटणं झाली.

तिच्या ट्रेमध्ये धागे दाट झाले. माती दिसेना. कापसाची गादी घालावी तसा थर आला. धागे ट्रेच्या कडेवरून वर चढू लागले.

सतराव्या दिवशी तिनं आबांना बोलावलं.

“बघा. तुमच्या ट्रेमध्ये धागे एवढे जोमदार नाहीत.”

आबा प्लास्टिकला नाक टेकवून वाकले. बराच वेळ बघत राहिले.

“जोमदार हाय,” ते म्हणाले. “पर जातंय कुठं?”

“म्हणजे?”

“कोंडलंय, बाई. आपलाच शिळा श्वास आपुनच ओढतंय. बाहीर न्यायाला कुनी न्हाई…”

हेमांगीला अचानक पुण्यातलं घर आठवलं. दोन वर्षांत तिथल्या एका खोलीची खिडकी उघडली नव्हती.

ती वळली आणि टेबलाच्या खणातून एक काचेची प्लेट काढून आबांसमोर धरली. अंधाऱ्या कोपऱ्यात जाऊन तिच्यावर जांभळा दिवा लावला. प्लेटवरचे ठिपके पिवळट हिरवे चमकू लागले.

“हे तुमच्या मातीतून काढलेत. तुमची अळिंबी यांच्या जिवावर येते.”

आबा कौतुकानं बघू लागले. “असं दिसतात व्हय…”

“नाव सांगू यांचं? स्यूडोमोनास. हे आडनाव झालं. या आडनावाची पुष्कळ आहेत. पाण्यात आहेत, मातीत आहेत, नळाच्या तोंडाशी आहेत.” तिचा आवाज बदलला. “त्यातल्या एकानं माझी मुलगी खाल्ली.”

आबांनी प्लेटवरची नजर काढली.

“कितवं वरीस हुतं?”

“सोळावं.”

“नाव?”

“चार्वी.”

ती खाटेवर बसली. मग तिनं जे सांगितलं, ते भिंतीकडे बघत सांगितलं.

मैत्रिणीच्या स्कूटरवर मागं बसली होती चार्वी. खडीवरून गाडी घसरली. मांडीचं हाड मोडलं. आईच्याच रुग्णालयात ऑपरेशन झालं, आत सळई घातली. सगळं उत्तम झालं. चौथ्या दिवशी पोरगी कैरीचं लोणचं मागत होती.

सहाव्या दिवशी ताप आला. जखमेतला नमुना हेमांगीनं स्वतः घेतला, स्वतः प्लेटवर लावला. दुसऱ्या दिवशी सकाळी इनक्युबेटर उघडला तर प्लेट हिरवीनिळी झाली होती. झाकण उचललं, आणि पिकलेल्या द्राक्षांचा वास आला.

“त्या जंतूचा वास तसाच असतो. गोड. मी विद्यार्थ्यांना शिकवायची… झाकण उघडायच्या आधीच ओळखता येतं म्हणून. डॉक्टरांच्या आधी मला कळलं, आबा. औषधांच्या सोळा चकत्या लावल्या मी त्याच्याभोवती. एकीलाही तो बधला नाही.”

“मग?”

“तेविसाव्या दिवशी गेली.”

बाहेर सुनेनं भांडी घासायला घेतली होती. तो आवाज तेवढा येत राहिला.

हेमांगी वाट बघत होती. सगळे जे म्हणतात ते आबा म्हणतील, की देवाची इच्छा, की काळ हेच औषध. तसं ते म्हणाले असते तर ती त्याच संध्याकाळी गाडी काढून निघून गेली असती.

आबा उठले. शेडमध्ये गेले. आपल्या ट्रेमधली ओंजळभर माती एका वाडग्यात घेऊन आले आणि ते वाडगं तिच्या उंबऱ्याशी ठेवलं.

“वाटलं तर टाका. न्हाई वाटलं तर फेकून द्या. मी सांगनार न्हाई.”

* * *

वाडगं तीन दिवस तिथंच राहिलं. ती ते ओलांडून आतबाहेर करत होती.

चौथ्या दिवशी सकाळी तिच्या पांढऱ्या गादीची कड पिवळी पडलेली दिसली. धाग्यांवर तपकिरी पाण्याचे थेंब सुटले होते. तिनं भिंग लावून पाहिलं. मरत होतं ते. उपाशी नव्हतं, तहानलेलं नव्हतं, कुणी त्याला खात नव्हतं. तरी मरत होतं.

तिनं तंबूची चेन उघडली.

चमच्यानं थोडी थोडी माती घेऊन तिनं ती त्या पांढऱ्यात खोचली. चार्वीच्या बाजूनं भांडणारं एकच माणूस जगात उरलं होतं, ती स्वतः, आणि तेही आज उलटलं, असं तिला वाटत होतं. वाडगं रिकामं झाल्यावर ती खाटेवर आडवी झाली आणि दुपारपर्यंत उठली नाही.

अकराव्या दिवशी ठिपके आले.

आधी तिला ते पाण्याचे थेंब वाटले. मग तिनं बोट लावलं. टणक होतं. एक, दोन, मग सबंध कोपराच टाचण्यांनी भरलेला. ती तशीच, पायांत काही न घालता, शेडकडे धावत गेली.

“आबा! आबा, पिना आल्या!”

आबा आले, बघितलं आणि हसले. त्यांचे पुढचे दोन दात नव्हते, हे तिला त्या दिवशी कळलं. तीही हसली. मोठ्यानं हसली. आणि आपल्या हसण्याचा आवाज कानावर पडताच तिनं तोंडावर हात दाबून धरला.

“हसावं,” आबा म्हणाले.

“नको वाटतं.”

“बरं…”

ते निघून गेले. ती ट्रेशेजारी बसून राहिली. पुढचे चार दिवस ती तिथून फारशी हललीच नाही. बटणं रोज मोठी होत होती. गोल, घट्ट, दुधासारखी पांढरी. त्यातल्या एका मोठ्या बटणाला खाली तिघं लहान चिकटली होती. ती त्यांच्याशी हळूच बोलतसुद्धा होती. काय बोलत होती ते तिनं नंतर कधी कुणाला सांगितलं नाही.

मग आभाळ आलं.

जानेवारीत असं आभाळ येत नाही कधी. डोंगर दिसेनासा झाला. पाऊस पडला नाही, पण ढग खाली उतरून शेडमध्ये शिरले आणि पाच दिवस तिथंच राहिले. छपराचं गवत ठिबकू लागलं. आबांनी सगळी दारं उघडून ठेवली, पाणी मारणं बंद केलं, तरी बटणांच्या माथ्यावर ओल राहिली ती राहिलीच. खोलीतही तेच. तंबू तर तिनं माती टाकल्या दिवशीच काढून टाकला होता.

तिसऱ्या सकाळी मोठ्या बटणावर तपकिरी डाग दिसला. दुपारी तो रुपयाएवढा झाला. संध्याकाळी त्याला खळगा पडला, बोट लावलं तर बुळबुळीत. खालची तिघंही डागाळली.

पाचव्या दिवशी ट्रेमध्ये एकही पांढरं बटण उरलं नाही.

हा डाग कशाचा, ते तिला प्लेटवर लावून बघायची गरज नव्हती. पुस्तकात चित्रासकट दिलेलं होतं. अळिंबीवरचा तपकिरी डाग. कारण, जिवाणू. आडनाव तेच.

तिनं ट्रे उचलला आणि शेडकडे निघाली. तिला आबांना हा ट्रे दाखवायचा होता. त्यांच्या तोंडासमोर धरायचा होता.

शेडच्या मागं आबांनी खड्डा खणला होता. एकेक पाटी नासकी बटणं आणून ते त्यात उपडी करत होते. खड्डा निम्मा भरला होता. वरून चुना मारलेला. तिनं दारातून आत पाहिलं. चाळीस ट्रे होते. चाळीसही तपकिरी.

पण तिचा राग तिथं थांबला नाही.

“तुम्ही दिलेल्या मातीतून आलं हे,” ती म्हणाली.

“व्हय.”

“माझ्या ट्रेमध्ये कुणी नव्हतं. तुम्ही वाडगं ठेवलंत.”

“व्हय.”

“तुम्हाला माहीत होतं, त्यात हेही असणार?”

“असत्यात. दर साली असत्यात. ऊन असलं, वारं असलं, तर गप ऱ्हात्यात.”

“मग आधी का नाही सांगितलंत?”

आबांनी पाटी खाली ठेवली.

“सांगितलं असतं तर येगळं काढता आलं असतं व्हय तुमास्नी?”

तिनं ट्रे खड्ड्याच्या काठावर टेकवला.

“तुम्हाला येतं?” तिनं विचारलं. “ओळखता येतं? कोणता वाढवणारा, कोणता नासवणारा…”

“न्हाई.”

“एकतीस वर्षांत?”

“त्येच्या आधीची धरली तर लईच झाली.”

“आणि तरी येत नाही?”

“न्हाई येत, पोरी.”

ढग दोघांच्या मधून जात होता. क्षणभर आबांचा चेहरा दिसेनासा झाला, मग पुन्हा दिसला. आज तो फार म्हातारा दिसत होता. चाळीस ट्रे त्यांनीही रोज बघितले होते, हे तिच्या आत्ता लक्षात आलं.

ती खड्ड्याच्या काठाशी बसली.

“मला वाटलं, तुम्हाला तरी कळत असेल,” ती म्हणाली. “मी इथं अळिंबीसाठी नाही आले, आबा.”

“व्हय… ते दिसतंय.”

“तुम्हाला मी सगळं नाही सांगितलं.”

आबा तिच्यासमोर उकिडवे बसले.

“चार्वीला ताप आल्यावर चौकशी झाली. जंतू आत आला कुठून? ऑपरेशनच्या खोलीतले, नळांचे, खाटेचे, नर्सच्या हातांचे… पंचावन्न नमुने घेतले. सगळे मीच घेतले. कशातच काही सापडलं नाही.”

तिनं काठावरचं एक ढेकूळ उचलून बोटांत फोडलं.

“तिच्या खोलीत कुणीही हातमोज्याशिवाय शिरायचं नाही, असा नियम होता. तो मीच लिहिला होता. दाराला चिकटवला होता, खाली माझी सही. चौथ्या दिवशी संध्याकाळी मी लॅबमधून तिच्याकडे गेले. ती म्हणाली, आई, तो रबराचा हात नको ना गं. कसातरीच लागतो…”

आबांनी डोळे मिटले.

“मी काढला. हात धुतला होता मी. धुतला होता, असं मला आठवतं. कपाळावरून फिरवला. ती म्हणाली, इथं, पायाशी खाजतंय. पट्टीच्या कडेला… खाजवलं. तिला झोप लागेपर्यंत हात तिथंच ठेवून बसले.”

खड्ड्यातून चुन्याचा आणि नासक्या अळिंबीचा वास येत होता.

“पंचावन्न नमुने घेतले, आबा. माझ्या हाताचा नाही घेतला. तेव्हाच घेतला असता तर कळलं असतं. मी घेतला नाही. आणि कुणी मला म्हणालंही नाही की घ्या म्हणून.”

तिनं दोन्ही हात मांडीवर उताणे ठेवले आणि त्यांच्याकडे बघत राहिली.

“नवऱ्याला एकदा विचारलं. तो म्हणाला, वेडी आहेस का, असं कसं होईल. डॉक्टर म्हणाले, असा विचारच करू नका. सगळे नाहीच म्हणतात. तुम्ही सांगा. तुम्ही खोटं बोलत नाही… माझ्याच हातानं गेलं असेल का ते आत?”

ढग तसेच जात राहिले. आबांनी डोळे उघडले, तेव्हा ते ओले होते.

“असंल,” ते म्हणाले.

हेमांगीच्या घशातून एक आवाज निघाला. रडण्यासारखा नव्हता तो. दोन वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी ‘नाही’ म्हटलं नव्हतं. ती पुढं वाकली, कपाळ मातीला टेकेल इतकी वाकली आणि तशीच राहिली.

आबांनी तिला उठवलं नाही. पाठीवर हातही ठेवला नाही. ते नुसते बसून राहिले, गुडघ्यांना मिठी घालून, तिचा श्वास खालीवर होताना बघत.

मग फार हळू, जणू स्वतःलाच विचारल्यासारखं, ते म्हणाले,

“आन्… त्या सांजंला हात लावला नसतास, तर गं? त्या रबराच्या हातासंगंच निजली असती न्हवं पोर?”